केव्हीएमला कमी-जास्त लांबीची सी स्ट्रक्चर कशी द्यावीत: नवख्यांसाठी टप्प्याटप्प्यानं

व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम आणि लिनक्स कर्नलमधलं केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवण्याची कर्नलमधली सोय) यांच्यातला बहुतेक व्यवहार आयऑक्टलवर, म्हणजे डिव्हाइस फाइलमार्फत कर्नलला मारलेल्या हाकांवर, चालतो. पुष्कळ आयऑक्टलना ठरलेल्या मापाचं स्ट्रक्चर लागतं: भरा, पत्ता द्या, उत्तर वाचा. पण सीपीयूआयडीच्या नोंदी (प्रोसेसरला काय काय येतं त्याची माहिती), एमएसआर या खास रजिस्टरांची यादी किंवा इंटरप्टचं राउटिंग (कोणता इंटरप्ट कुठे पोचवायचा त्याचा तक्ता) किती लांब असेल हे कंपाइल करताना कुणालाच माहीत नसतं. म्हणून तिथे डोकं ठरलेलं आणि शेपूट हवं तेवढं लांब, अशी स्ट्रक्चर येतात. नवीन माणूस अडकतो तो इथेच.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. कर्नलच्या हाती फक्त पॉइंटर पडतो. तुम्ही किती बाइट जागा घेतली हे त्याला कळत नाही, कळण्याचा मार्गही नाही. डोक्यात लिहिलेला नोंदींचा आकडा तो प्रमाण मानतो आणि त्या मर्यादेत असेल तेवढं लिहून मोकळा होतो. आकडा आणि खरी जागा यांची फारकत झाली, तर कर्नल तुमच्याच हीपवर दुसऱ्या कुणाच्या तरी डेटावरून लिहीत जातो. आयऑक्टलच्या ओळीवर काहीच घडत नाही. प्रोग्रॅम पडतो तो नंतर, भलत्याच ठिकाणी मेमरी मोकळी करताना. पुढचे सगळे टप्पे ही फारकत होऊ नये यासाठीच आहेत.

(स्ट्रक्चर आणि आयऑक्टलची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. हेडरमध्ये आयऑक्टलची नावं मोठ्या आणि स्ट्रक्चरची नावं लहान रोमन अक्षरांत सापडतील.)

काय हाताशी हवं

- ज्या मशीनवर काम करणार तिथे केव्हीएमची डिव्हाइस फाइल उघडण्याची परवानगी. उघडल्यावर केव्हीएम_गेट_एपीआय_व्हर्जन विचारा. उत्तर १२ आलंच पाहिजे. दुसरं काही आलं तर पुढे जाऊ नका.
- लिनक्सच्या यूजरस्पेस हेडरांतली केव्हीएमची फाइल, आणि तिच्यासोबत आपल्या आर्किटेक्चरची वेगळी फाइल. सीपीयूआयडीची स्ट्रक्चर एक्स८६च्या फाइलमध्ये आहेत, सर्वांच्या सामाईक फाइलमध्ये नाहीत.
- कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमधला केव्हीएम एपीआयचा भाग. प्रत्येक आयऑक्टलखाली कोणती चूक कधी येते ते तिथे दिलेलं असतं. तो भाग खरोखर वाचा, नुसता चाळू नका.
- पाहोल आणि एसट्रेस. पहिलं हत्यार स्ट्रक्चरची प्रत्यक्ष मांडणी बाइटनिशी दाखवतं, दुसरं कर्नलपर्यंत नेमकं काय पोचलं ते दाखवतं.

१. आधी स्ट्रक्चरची मापं कागदावर घ्या

सी भाषेत १९९९च्या मानकापासून स्ट्रक्चरचा शेवटचा सदस्य रिकाम्या कंसांचा ॲरे असू शकतो. त्याला फ्लेक्सिबल ॲरे मेंबर म्हणतात. त्याआधी लोक शून्य लांबीचा किंवा एक लांबीचा ॲरे ठेवून हेच साधत. जुन्या कोडमध्ये दोन्ही रूपं अजून भेटतात, आणि एक लांबीचा ॲरे असेल तर हिशोबात एक नोंद जास्त धरली जाते, हे विसरू नका.

नेहमी लागणाऱ्या स्ट्रक्चरांची मापं अशी:

- केव्हीएम_सीपीयूआयडी२: डोकं ८ बाइट (४ बाइट नोंदींची संख्या, ४ बाइट भरणा म्हणजे पॅडिंग), प्रत्येक नोंद ४० बाइट.
- केव्हीएम_एमएसआर_लिस्ट: डोकं ४ बाइट, प्रत्येक नोंद ४ बाइट.
- केव्हीएम_एमएसआरएस: डोकं ८, नोंद १६ बाइट.
- केव्हीएम_आयआरक्यू_राउटिंग: डोकं ८, नोंद ४८ बाइट.
- केव्हीएम_रेग_लिस्ट: डोकं ८, नोंद ८ बाइट.
- केव्हीएम_नेस्टेड_स्टेट: डोकं १२८ बाइट. इथला आकडा नोंदींचा नाही, बाइटांचा आहे, आणि त्यात डोकंही धरलेलं असतं.

शेवटच्या ओळीवर पुष्कळ जण घसरतात. आधीच्या पाच ठिकाणी ‘किती नोंदी’ लिहायचं असतं, सहाव्या ठिकाणी ‘एकूण किती बाइट’. सवयीनं फक्त शेपटाचे बाइट लिहिले, तर १२८ बाइट कमी पडतात.

मधला भरणा शोभेचा नाही. एमएसआरच्या नोंदीत ६४ बिटांची किंमत असते. ३२ बिटांच्या एक्स८६वर अशी किंमत ४ बाइटांच्या सीमेवर (अलाइनमेंट) बसते, ६४ बिटांवर मात्र ८ बाइटांच्या. भरणा उघडपणे लिहिल्यामुळे ३२ बिटांचा प्रोग्रॅम ६४ बिटांच्या कर्नलशी त्याच मांडणीत बोलू शकतो. आपल्या भाषेत ही स्ट्रक्चर पुन्हा लिहिताना ‘हे तर वापरातच नाही’ म्हणून भरणा काढून टाकू नका.

२. जागा मोजा आणि एकाच ठिकाणी घ्या

एकूण जागा म्हणजे डोक्याचं माप अधिक नोंदींची संख्या गुणिले एका नोंदीचं माप. साइझऑफ लावलं तर फक्त डोक्याचं माप येतं, शेपूट त्यात धरलं जात नाही. सीपीयूआयडीच्या ८० नोंदींना ८ + ३२०० = ३२०८ बाइट लागतात, २५६ नोंदींना १०,२४८.

जागा कॅलॉकनं घ्या, म्हणजे ती शून्यानं भरलेली मिळते. राखीव जागांत कचरा राहिला तर काही आयऑक्टल थेट नकार देतात. आणि जी आज नकार देत नाहीत, तीही त्याच जागेला उद्या काही अर्थ देऊ शकतात. संख्या बाहेरून येत असेल (फाइलमधून, नेटवर्कवरून), तर गुणाकार उतू जातो का हे कंपाइलरच्या ओव्हरफ्लो तपासणाऱ्या बिल्टइननं बघा.

जागा घेणं आणि डोक्यातला आकडा लिहिणं ही दोन कामं एकाच फंक्शनमध्ये करा, आणि तो आकडा दुसऱ्या कुणालाही परस्पर बदलू देऊ नका. माझ्या मते या संपूर्ण लेखातला सर्वांत उपयोगी नियम हाच आहे.

या टप्प्यावरचे सापळे:

*स्टॅकवर नुसतं स्ट्रक्चर.* लोकल व्हेरिएबल म्हणून केव्हीएम_सीपीयूआयडी२ घेतलं तर ८ बाइटच मिळतात. पहिली नोंद लिहिताच स्टॅक बिघडतो.

*सरळ असाइनमेंट.* एका स्ट्रक्चरची किंमत दुसऱ्यात बरोबरच्या चिन्हानं टाकली तर फक्त डोकं कॉपी होतं. आकडा म्हणतो ४०, शेपूट मात्र जुनंच. कॉपी करायची तर पूर्ण बाइट मोजून मेमकॉपीनं.

*वेष्टणाचं स्ट्रक्चर.* पुष्कळ प्रोग्रॅममध्ये एक बाहेरचं स्ट्रक्चर दिसतं: आत आधी डोकं, लगेच खाली ठरावीक लांबीचा नोंदींचा ॲरे. हे ग्नूचं एक्स्टेन्शन आहे. केव्हीएम_एमएसआरएसला ते चालतं, कारण डोकं ८ बाइटांचं आहे आणि नोंदही ८च्या सीमेवरच बसते. केव्हीएम_सिग्नल_मास्कला (कोणते सिग्नल अडवायचे ते सांगणारं स्ट्रक्चर) हीच युक्ती लावून खाली ६४ बिटांचा आकडा ठेवला की घोटाळा होतो: डोकं ४ बाइटांचं, म्हणून कंपाइलर मध्ये ४ बाइट मोकळे सोडतो. तुम्ही मास्क लिहिता आठव्या बाइटापासून, कर्नल वाचतो चौथ्यापासून. चूक येत नाही, फक्त भलतेच सिग्नल अडवले जातात. अशी वेष्टणं वापरलीच तर पाहोलनं मांडणी बघा, आणि जीसीसी १४ किंवा नंतरचा असेल तर ‘फ्लेक्सिबल ॲरे शेवटी नाही’ असं सांगणारा इशारा चालू ठेवा.

सिग्नल मास्कचाच आणखी एक फास आहे. ग्लिबसी या सीच्या लायब्ररीचा सिगसेट (सिग्नलांचा संच) १२८ बाइटांचा असतो, कर्नलचा ८ बाइटांचा. लांबीच्या जागी साइझऑफ सिगसेट लिहिलं की ई-इन्व्हॅल (चुकीची किंमत दिली) ही चूक येते. तिथे ८च लागतात.

३. आयऑक्टलच्या नंबरात दडलेलं माप

लिनक्समध्ये आयऑक्टलचा नंबर म्हणजे नुसता क्रमांक नसतो. एक्स८६वर त्याच्या ३२ बिटांत ८ बिट क्रमांकाचे, ८ बिट डिव्हाइसच्या प्रकाराचे, १४ बिट स्ट्रक्चरच्या मापाचे आणि २ बिट दिशेचे असतात. शेपूटवाल्या स्ट्रक्चरसाठी तिथे फक्त डोक्याचं माप जातं: सीपीयूआयडीला ८, एमएसआरच्या यादीला ४. खरी लांबी या नंबरात कधीच नसते.

म्हणून दुसऱ्या भाषेत स्ट्रक्चर लिहिताना ‘सोय’ म्हणून शेपटाच्या जागी ८० नोंदींचा पक्का ॲरे ठेवला आणि त्याच प्रकारावरून नंबर काढला, तर माप ८ऐवजी ३२०८ होतं. कर्नलच्या दृष्टीनं हे आयऑक्टलच वेगळं आहे. उत्तर ई-इन्व्हॅल किंवा ई-नॉटी (असं आयऑक्टलच नाही) येतं, आणि माणूस दिवसभर नोंदींमध्ये चूक शोधत बसतो. एसट्रेस लावा: नंबर बरोबर असेल तर आयऑक्टलचं नाव छापलं जातं, चुकला असेल तर नावाऐवजी त्याचे सुटे भाग दिसतात आणि त्यात हेक्समधलं सी८८ हे माप लगेच डोळ्यांत भरतं.

४. किती नोंदी लागतील हे कसं विचारायचं

इथे सगळ्या आयऑक्टलची एकच रीत नाही, त्यामुळे सावकाश वाचा.

*पहिली रीत: शून्य देऊन विचारा.* केव्हीएम_गेट_एमएसआर_इंडेक्स_लिस्ट आणि केव्हीएम_गेट_रेग_लिस्ट ही गुणी आयऑक्टल आहेत. आकडा शून्य ठेवून हाक मारा. ई-टू-बिग (दिलेली जागा पुरत नाही) ही चूक येईल, पण डोक्यात खरी संख्या लिहिलेली असेल. तेवढी जागा घेऊन पुन्हा हाक मारा. केव्हीएम_गेट_नेस्टेड_स्टेटही याच जातीचं: कमी जागा दिली तर लागणारे बाइट लिहून परत देतं. ई-टू-बिग दिसताच बाहेर पडणारं एखादं सामाईक फंक्शन लिहिलं असेल, तर इथे त्याला अपवाद ठेवावा लागतो.

*दुसरी रीत: अंदाज करा, वाढवा.* केव्हीएम_गेट_सपोर्टेड_सीपीयूआयडी कमी जागा मिळाली की ई-टू-बिग देतं, पण किती हव्या होत्या ते सांगत नाही. डोक्यातला आकडा तुम्ही लिहिलेलाच राहतो. क्यूएमयू हा व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम यावर साधा उपाय करतो: एका नोंदीपासून सुरुवात, आणि प्रत्येक नकारानंतर दुप्पट. दुसरा मार्ग म्हणजे थेट कर्नलच्या कमाल मर्यादेएवढी जागा घेणं. ही मर्यादा पूर्वी ८० होती, आता २५६ आहे. जुन्या लेखांतला ८०चा आकडा उचलला तर नव्या प्रोसेसरवर एक दिवस ई-टू-बिग येणार हे धरून चाला. दहा किलोबाइटांची जागा एकदाच लागते, त्यामुळे २५६ घेऊन टाकणंच मला सरळ वाटतं. दुप्पट करणारा लूप मात्र सोबत ठेवा, मर्यादा पुन्हा वाढू शकते.

*तिसरी रीत: माप दुसरीकडे विचारा.* केव्हीएम_एक्ससेव्ह हे प्रोसेसरच्या वाढीव रजिस्टरांची स्थिती ठेवणारं स्ट्रक्चर मूळचं पक्क्या ४०९६ बाइटांचं होतं. एएमएक्सच्या (इंटेलची मॅट्रिक्स गणिताची सोय) टाइल रजिस्टरांचा डेटाच ८ किलोबाइटांचा असतो, म्हणून पुढे त्याला शेपूट जोडलं गेलं आणि केव्हीएम_गेट_एक्ससेव्ह२ आलं. या स्ट्रक्चरमध्ये लांबी लिहायला जागाच नाही. लांबी मिळते ती व्हीएमच्या फाइल डिस्क्रिप्टरवर केव्हीएम_चेक_एक्स्टेन्शननं केव्हीएम_कॅप_एक्ससेव्ह२ विचारून. उत्तर ४०९६पेक्षा कमी कधीच नसतं. सध्या ते वाढतं फक्त आर्च_पीआरसीटीएल या सिस्टिम कॉलनं असं डायनॅमिक (मागितल्यावरच चालू होणारं) फीचर चालू केलं असेल तर. म्हणून आधी परवानगी, मग चौकशी, मग जागा, हा क्रम पाळा. केव्हीएम_सेट_एक्ससेव्हही तेवढेच बाइट वाचतं. जुन्या ४०९६च्या बफरनं ते बोलावलं तर कर्नल बफरच्या पलीकडचं वाचून पाहुण्या मशीनच्या (म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या) रजिस्टरांत भरतो.

*लिहिण्याच्या आयऑक्टलच्या मर्यादा.* केव्हीएम_सेट_सीपीयूआयडी२ला २५६ नोंदींपर्यंत चालतं. केव्हीएम_गेट_एमएसआरएस आणि केव्हीएम_सेट_एमएसआरएसची मर्यादाही २५६ अशी लिहिलेली दिसेल, पण तपासणी ‘२५६ किंवा जास्त असेल तर नकार’ अशी आहे, म्हणजे एका वेळी २५५च जातात. यादी मोठी असेल तर तुकडे करा. इंटरप्ट राउटिंगला ४०९६ नोंदींची कमाल आहे. हे आयऑक्टल भर घालत नाही, आधीचा पूर्ण तक्ता पुसून नवा ठेवतं. एक नवा मार्ग जोडायचा तरी सगळे मार्ग पुन्हा द्यावे लागतात. फक्त नवी नोंद पाठवली की बाकीच्या डिव्हाइसचे इंटरप्ट गायब होतात.

५. उत्तर आल्यावर

यशस्वी उत्तरानंतर डोक्यातला आकडा बदललेला असू शकतो. २५६ची जागा दिली आणि कर्नलनं त्याहून कमी नोंदी भरल्या, तर डोक्यात तेवढाच आकडा येतो. आता दोन आकडे वेगळे सांभाळा: घेतलेली जागा किती, आणि भरलेल्या नोंदी किती. तोच बफर पुन्हा वाचायला वापरायचा असेल तर हाक मारण्याआधी आकडा पुन्हा क्षमतेएवढा करा, नाहीतर दुसऱ्या वेळी विनाकारण ई-टू-बिग येईल.

एमएसआरच्या दोन आयऑक्टलचं उत्तर वेगळं वाचायचं असतं. ती शून्य देत नाहीत, किती नोंदी यशस्वी झाल्या तो आकडा देतात. ५० पाठवल्या आणि उत्तर १७ आलं, तर शून्यापासून मोजून १७व्या क्रमांकाची नोंद अडली आणि तिच्यानंतरच्या कुणालाच हात लागलेला नाही. ‘ऋण नाही म्हणजे झालं’ एवढंच तपासणारा कोड अर्धवट एमएसआर भरलेली मशीन सुरू करतो, आणि पाहुणी ऑपरेटिंग सिस्टिम नंतर विचित्र रीतीनं कोसळते.

६. रस्टमध्ये लिहीत असाल तर

बाइंडजेन (सीच्या हेडरांवरून रस्टचा कोड बनवणारं हत्यार) शेपटाच्या जागी शून्य मापाचा एक प्रकार ठेवतं. बाइटांचा व्हेक्टर घेऊन त्याचा पॉइंटर स्ट्रक्चरच्या पॉइंटरमध्ये बदलण्याचा मोह होतो. तो आवरा: बाइटांच्या व्हेक्टरला योग्य सीमेवर बसण्याची हमी नसते, आणि सीमेवर नसलेल्या पत्त्याचा रेफरन्स बनवणं रस्टच्या नियमांत बसत नाही.

रूढ युक्ती अशी की व्हेक्टर बाइटांचा न घेता डोक्याच्याच प्रकाराचा घ्यायचा. शेपटाचे बाइट डोक्याच्या मापानं भागून वर पूर्णांकात न्यायचे आणि त्यात एक मिळवायचा. सीपीयूआयडीच्या ८० नोंदींना ३२०० भागिले ८ म्हणजे ४००, अधिक १, अशी ४०१ डोकी. पहिलं डोकं खरं, बाकीच्यांची जागा नोंदींसाठी. सीमा आपोआप बरोबर येते.

हे स्वतः लिहिण्याऐवजी रस्ट-व्हीएमएम या प्रकल्पाच्या व्हीएमएम-सिस-युटिल लायब्ररीतलं फॅमस्ट्रक्टरॅपर वापरा. लायब्ररीची आवृत्ती मात्र ०.१२.० किंवा नंतरची हवी. ०.५.०पासून त्याआधीच्या आवृत्त्यांत जतन केलेली स्थिती परत वाचताना डोक्यातली लांबी आणि प्रत्यक्ष आलेल्या नोंदी जुळतात का हे तपासलं जात नव्हतं, आणि बफरबाहेरची मेमरी वाचता येत होती. ही सुरक्षेची त्रुटी सीव्हीई-२०२३-५०७११ या नावानं नोंदलेली आहे. स्नॅपशॉट वाचणारा कोड तुम्ही स्वतः लिहिणार असाल, कोणत्याही भाषेत, तर हीच तपासणी तुमच्याकडेही हवी.

आणखी एक: डोकं किमतीनं दुसरीकडे हलवलं की शेपूट मागेच राहतं. नेहमी रेफरन्स किंवा पॉइंटरच फिरवा.

७. कर्नलच्या बाजूनं असं आयऑक्टल लिहिताना

थोडक्यात क्रम असा: फक्त डोकं कॉपी करा, आकडा मर्यादेत आहे का बघा, मग शेपूट व्हीमेमडप_यूजर या कर्नलच्या फंक्शननं आणा. मापाचा गुणाकार स्ट्रक्ट_साइझ या मॅक्रोवर सोपवा. तो उतू गेला तर कमाल आकड्यावर थांबतो आणि मग जागाच मिळत नाही, जे सुरक्षित आहे.

डोकं यूजरस्पेसमधून दुसऱ्यांदा वाचू नका. पहिल्या आणि दुसऱ्या वाचनाच्या मध्ये दुसरा थ्रेड आकडा बदलू शकतो. तपासलेला आकडा एक आणि वापरलेला दुसरा, अशी फट उघडते. परत देताना बफर शून्यानं भरलेला असू द्या, नाहीतर भरण्याच्या बाइटांतून कर्नलची मेमरी बाहेर दिसते. आणि जागा कमी पडली तर लागणारी संख्या डोक्यात लिहून मगच ई-टू-बिग द्या. वापरणाऱ्याचे फार कष्ट वाचतात.

८. पहारेकरी पानानं चाचणी घ्या

ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं कंपाइलरचं साधन) तुमच्या कोडनं केलेलं लिखाण पकडतो, पण कर्नलनं आयऑक्टलमधून केलेल्या लिखाणावर त्याची नजर पोचेलच असं नाही. त्यासाठी ही चाचणी नेमाची करा.

२५६ नोंदींच्या सीपीयूआयडी बफरचं उदाहरण घ्या, पान ४०९६ बाइटांचं. एममॅपनं सलग ४ पानं घ्या आणि चौथ्या पानाची सगळी परवानगी एमप्रोटेक्टनं काढून टाका; हेच पहारेकरी पान. बफर असा ठेवा की त्याचा शेवटचा बाइट तिसऱ्या पानाच्या शेवटच्या बाइटावर येईल: १२,२८८ वजा १०,२४८, म्हणजे सुरुवातीपासून २०४० बाइटांवर. २०४०ला ८नं भाग जातो, त्यामुळे सीमेचाही प्रश्न नाही. आता कर्नल एक बाइटही पुढे गेला तर हीप बिघडण्याऐवजी आयऑक्टल ई-फॉल्ट (पत्ता वापरता येत नाही) ही चूक घेऊन परतेल, आणि तेही नेमक्या दोषी हाकेवर.

चाचणी खरंच पकडते का हेही एकदा बघा. सीपीयूआयडीला यासाठी मुद्दाम जागा कमी करा: कर्नल भरतो त्या नोंदी आधी मोजून घ्या, त्यापेक्षा एका नोंदीची जागा कमी ठेवा, बफर पुन्हा पानाच्या शेवटाला टेकवा आणि आकडा मात्र २५६च लिहा. ई-फॉल्ट आला पाहिजे. नुसता आकडा वाढवून हे सिद्ध होत नाही, कारण कर्नल असतील तेवढ्याच नोंदी लिहितो. तुमचा खोटा आकडा त्या दिवशी निभावून जातो आणि जास्त नोंदींच्या प्रोसेसरवर उघडा पडतो. एमएसआरची यादी, राउटिंग आणि एक्ससेव्ह यांच्यासाठीही हीच मांडणी आपापल्या मापांनी करून ठेवा, आणि कर्नल बदलला की पुन्हा चालवा.